डबा रिकामा परत पाठवू नये

तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ
दि. २४ नोव्हेंबर

चि. माईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा अंगणात दिवसभराच्या वेचणीचा कापूस मोजणे चालू होते. वेचणाऱ्या बाया आपापली गाठोडी घेऊन काट्याभोवती उभ्या होत्या, कोणाचे किती किलो भरले हे वहीत लिहून घ्यायचे होते, म्हणून तुझ्या प्रश्नाला मी ‘बघतो, सांगतो’ एवढेच उत्तर देऊ शकलो. तू फोन ठेवलास तेव्हा तुझा आवाज पडला होता, हे मात्र माझ्या ध्यानात आले. नंतर पुन्हा फोन करावा असे मनात आले होते, परंतु फोनवर माझे बोलणे नेहमी पावसापाण्यावर आणि तुझ्या जेवणावर येऊन संपते. एकेचाळीस वर्षे दुसऱ्यांची पत्रे वाटली, तर लेकीला एक पत्र लिहायला हरकत नाही, असे ठरवून आज दुपारी बसलो आहे.

तुझी हकिकत आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुला दुरुस्त करता येईल. तुमच्या इमारतीच्या फाटकावर जे पहारेकरी आहेत, त्यांच्या मुलीची कॉलेजची फी अडली होती. तुला ते कळले, तू इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलेस, दोन दिवसांत चौदा हजार रुपये जमले, आणि सगळ्यांच्या वतीने ते त्यांच्या हातात देताना कोणीतरी फोटो काढून त्याच ग्रुपवर टाकला. त्यानंतर ते तुझ्याशी पूर्वीसारखे बोलेनासे झाले. आधी तू कामावरून आलीस की ‘ताई, आज उशीर झाला’ असे म्हणणारा माणूस आता नजर दुसरीकडे वळवतो, आणि गेल्या आठवड्यात त्याने मागच्या फाटकावरची रात्रपाळी मागून घेतली. ‘बाबा, माझं चुकलं काय?’ असे तू विचारलेस.

पैसे जमवण्यात तुझे काही चुकले नाही. त्या मुलीचे वर्ष वाचले, ही गोष्ट फोटोमुळे खोटी ठरत नाही, आणि यापुढे असे काही करायचेच नाही असा जो सूर तुझ्या बोलण्यात लागला होता, तो तू मनातून काढून टाक. चूक झाली ती देण्याच्या रीतीत. ती तुझी एकटीची चूक नव्हे, आणि तिच्यावर बोलण्याचा मला चांगलाच अधिकार आहे, कारण तीच चूक मी तुझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या वयात केलेली आहे. ती पुढे सांगतोच.

त्याआधी तुझ्या आईची एक गोष्ट सांगतो, जी तू इतक्या वेळा पाहिली आहेस की तुझ्या लेखी ती गोष्टच उरलेली नसेल. आपल्या घरी म्हैस आहे आणि डेअरीत घालूनही घरापुरते दूध रोज उरते. तरीही तुझी आई आठवड्यातून एकदा वाटी घेऊन मागच्या गल्लीतल्या मावशींकडे विरजण मागायला जाते. त्या मावशींचा घरधनी गेल्याला बरीच वर्षे झाली; घरात त्या आणि त्यांचा नातू. नातवासाठी घेतलेल्या अर्धा लिटर दुधातले थोडे त्या गाडग्यात विरजतात, आणि त्या गाडग्यातले दही फार घट्ट लागते, अशी तुझ्या आईने साऱ्या आळीत कीर्ती करून ठेवली आहे. घरात दह्याने भरलेला गंज झाकून ठेवलेला असताना ही बाई वाटीभर विरजणासाठी उन्हातून का जाते, हे मला लग्नानंतर कित्येक वर्षे उमगले नव्हते. शेवटी एकदा विचारले, तेव्हा चुलीवरची नजर न काढता ती म्हणाली, ‘मी तिच्या दारी वाटी घेऊन गेली नाही, तं थे माह्या दारी कशी येईन?’

आणि मावशी येतात. पाहुणे आले की साखरेला, नातवाला ताप आला की मोटरसायकलवर दवाखान्यात पोचवण्यासाठी माझ्याकडे, महिना संपत आला की पायलीभर ज्वारीला. येताना त्यांची मान खाली नसते, कारण आमच्याकडे त्यांचे विरजण लागलेले असते. ज्वारीच्या पायलीला दह्याची वाटी पुरी पडत नाही, हे दोघींनाही ठाऊक आहे. परंतु तसा हिशेब त्या दोघींनी कधी मांडला नाही आणि मांडू दिला नाही. ज्वारीच्या बदल्यात रिकामी टोपली कधी परत आली नाही. तिच्यात परसातली चार वांगी, अंबाडीच्या भाजीची जुडी, काहीच नसेल तर कढीपत्त्याची एक डहाळी असते. शेजारून आलेले भांडे रिकामे परत पाठवू नये, हे तुला आजीने परकर नेसायच्या वयात शिकवले होते. त्या वेळी तुला तो नुसता रिवाज वाटला असणार. माझ्या समजुतीप्रमाणे, घेणाऱ्याला देणाऱ्याच्या बरोबरीने उभे राहता यावे म्हणून बायकांनी करून ठेवलेली ती सोय आहे.

माझ्या लहानपणी हे आणखी उघड दिसे. सकाळी काडी वाचवण्यासाठी ज्याची चूल आधी पेटली असेल त्याच्याकडून इस्तो आणण्याची पद्धत होती. गोवरीच्या तुकड्यावर एक रसरशीत निखारा घेऊन, तो विझू नये म्हणून फुंकर घालत मी कित्येकदा आळीतून धावलो आहे. आज आम्ही पाटलांच्या घरून आणला, तर उद्या पाटलांची सून आमच्या चुलीपाशी यायची, कारण तिला उशीर झालेला असायचा. घरोघरी सिलिंडर आले ही चांगलीच गोष्ट झाली, बायकांचे डोळे वाचले. पण एकमेकांच्या दारी जाण्याचे एक रोजचे निमित्त त्याबरोबर गेले. निमित्त म्हणजे बहाणा, असे समजून त्याला हलके लेखू नकोस. आपल्या गावात ज्या घरी मयत होते त्या घरची चूल पेटत नाही, शेजारीपाजारी भाकरी आणि पिठले घेऊन जातात, पाटावर बसवतात आणि ‘आमच्यासाठी दोन घास घ्या’ असे म्हणतात. जेवायचे त्यांना असते, पण विनवणी आपण आपल्यासाठी करतो.

नोकरीनेही मला हेच शिकवले, फक्त उशिरा. १९८३ साली मी शाखा डाकपाल म्हणून लागलो. आपल्याच ओसरीवर एक टेबल, कुलूपबंद पेटी, तराजू आणि तारखेचा शिक्का, एवढे ते डाकघर. वाटपही माझ्याकडेच होते. ज्यांच्याकडून मी काम शिकलो, त्या जुन्या डाकपालांनी मला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी बजावल्या. कोपरा फाडलेले पोस्टकार्ड आले, म्हणजे त्यात कोणाच्या तरी निधनाची वार्ता आहे. ते पिशवीत सर्वांत खाली ठेवायचे, त्या घरी पोचल्यावर जेवणे झाली का हे विचारायचे, शेजारच्या एखाद्या जाणत्या बाईला हाक मारून बसवायचे, आणि मग वाचायचे. दुसरी गोष्ट मनिऑर्डरीची. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घेताना साक्षीदाराची सही लागते, हा खात्याचा नियम. पण साक्षीदार कोण घ्यायचा, हे नियमात लिहिलेले नाही.

या दुसऱ्या गोष्टीत किती शहाणपण होते, ते तुला आत्ता कळेल. भिवंडीला किंवा सुरतेला गेलेल्या पोराने दीडशे रुपये पाठवले, आणि मी ते पारावर चार माणसांसमोर मोजून दिले, तर संध्याकाळच्या आत उधारीवाला दुकानदार त्या म्हाताऱ्याच्या दारात उभा राहायचा. म्हणून मनिऑर्डर घरात, माजघराच्या उंबऱ्याशी बसून द्यायची, नोटा उपरण्याच्या आड मोजायच्या, आणि साक्षीला असा माणूस न्यायचा की ज्याच्या पोटात गोष्ट राहते. ओसरीवर परतल्यावर पाहणाऱ्यांनी विचारलेच, तर ‘पत्र द्यायला गेलो होतो’ असे सांगायचे. चार पावले अधिक चालणे आणि योग्य माणूस सोबत नेणे, एवढेच त्यात मी करीत होतो. पण त्या दीडशे रुपयांतले किती रुपये त्या घरात टिकणार, हे पुष्कळदा या चार पावलांवर ठरत असे.

तुमच्या ग्रुपवरचा फोटो म्हणजे पारावर मोजलेली मनिऑर्डर. त्या ग्रुपवर किती माणसे आहेत? शंभर, दोनशे? त्या पहारेकऱ्याने इतकी वर्षे त्यांच्या गाड्यांना फाटक उघडले, सलाम केला, आणि त्या सलामाच्या बदल्यात त्याला पगार मिळतो, म्हणून त्यात लाज नव्हती. फोटोनंतर त्याच फाटकातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीत त्याचा एक सावकार बसलेला आहे. त्यातल्या एखाद्याने ‘काय, मुलीचा अभ्यास बरा चाललाय ना?’ असे चांगल्या मनाने जरी विचारले, तरी ते त्याला व्याज मागितल्यासारखे लागत असेल. तुझ्याकडे पाहताना त्याला सर्वांत जड जाते, कारण आधी तुझ्याशीच त्याचे दोन शब्द बरोबरीचे होते.

आता माझी चूक. २०१४ साली मृग कोरडा गेला हे तुला आठवत असेल, तू दहावीत होतीस. थोड्या सरींवर भरवसा ठेवून ज्यांनी घाईने सरकी टोबली, त्यांचे बी मातीतच करपले आणि जुलैत दुबार पेरणी करावी लागली. पूर्वेच्या धुऱ्यावरचे, म्हणजे आपल्या वावराच्या त्या बांधाला लागून ज्यांचे शेत आहे ते, काका त्यांपैकी एक. माझ्याकडे चारशे पन्नास ग्रॅमच्या दोन पिशव्या जास्तीच्या होत्या, त्या मी त्यांच्या घरी नेऊन दिल्या, पैशांचे नंतर बघू म्हणालो, आणि तिथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. चार दिवसांनी पारावर दुबार पेरणीचा विषय निघाला आणि कोणीतरी म्हणाले की काकांनी बी कुठून तरी पैदा केले म्हणे. त्यावर मी म्हणालो, ‘कुठून म्हणजे? माझ्याकडून नेलं.’ मोठेपणा मिरवावा असे माझ्या मनात नव्हते, निदान तेव्हा मला तसे वाटले नाही. पण काका त्याच वेळी पाराच्या मागून बैलबंडी घेऊन चालले होते. त्यांनी बैल थांबवले नाहीत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी पोराच्या हाती दोन पिशव्यांची पूर्ण किंमत पाठवली, वर पन्नास रुपये जास्त. दुसऱ्या दिवशी पोळा फुटल्यावर गावचे बैल घरोघरी पूजेला येत होते. तुझी आई ताट घेऊन उभी होती. काकांची जोडी आपल्या कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथून वळली. आमची त्यांच्याशी वीस वर्षांची सावड होती. त्यांच्या वखराला आमचे बैल, आमच्या तिफनीला त्यांचे, असे चालत आले होते, ते त्या वर्षी बंद झाले. भांडण झाले असते तर कोणी मिटवले असते. भांडण नव्हते, म्हणून मिटवायला काही हातात नव्हते. मी दोनदा त्यांच्याकडे जाऊन आलो, दोन्ही वेळा चहा मिळाला आणि चहाखेरीज काही मिळाले नाही.

असे नऊ वर्षे चालले. २०२२ च्या पावसाळ्यात जनावरांना लंपी आला, त्यात आपला एक बैल गेला आणि जोडी फुटली. २०२३ चा मृगही कोरडाच गेला. पाऊस विदर्भात आला तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात, आणि आला तेव्हा साऱ्या शिवाराला एकाच वेळी पेरणी करायची होती. ट्रॅक्टरवाल्याने आठ दिवसांनंतरचा वायदा केला. ओल आठ दिवस थांबत नाही. मी संध्याकाळी काकांच्या दारी गेलो, बसायला सांगण्याची वाट न पाहता उभ्याउभ्याच म्हणालो, ‘माझी पेरणी अडली आहे, एक बैल द्या.’ एवढे वाक्य बोलायला मला पांदणीने चालताना तीन वेळा थांबावे लागले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ‘सकाळी बघू’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आपल्या वावरात बैलाच्या घुंगरांचा आवाज आला. एकच बैल घेऊन ते आले नव्हते, जोडी जुंपूनच आले होते, आणि आम्ही पोचेपर्यंत त्यांची पेरणीची दोन तासे, म्हणजे दोन ओळी, काढून झाली होती.

नऊ वर्षांत मी त्यांना काही ना काही द्यायला पाहत होतो: लग्नात आहेर, आजारपणात फळे, पोराच्या नोकरीसाठी अर्ज लिहून देणे. ते सगळे त्यांनी घेतले आणि कशाचाच उपयोग झाला नाही. मी मागितले, तेव्हा काम झाले.

आपल्याच भागात यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर हे ओळखणारी माणसे होऊन गेली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि मग भाकर मागत, म्हणजे वाढणारीला वाटावे की झाडणाऱ्याला त्याचे दिले. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केले, तेव्हा कुष्ठरोग झालेल्या माणसांना भीक नको, काम हवे, यावर त्यांचा सारा भर होता. त्या माणसांनी खडकाळ जमिनीत विहीर खोदली, भाजीपाला काढला, आणि वरोऱ्याच्या बाजारात तो कोणी घेईना. त्याच लोकांनी रस्त्यावर बसलेल्या रोग्याच्या कटोऱ्यात पैसा टाकायला मागेपुढे पाहिले नसते; त्याने पिकवलेले वांगे घरी न्यायला मात्र हात धजेना. पुढे परदेशातून आलेले स्वयंसेवक तिथे राहिले, तिथले अन्न जेवले, तेव्हा कुठे गावाची भीती ओसरू लागली. विकत घेतलेली ती पहिली जुडी किती आण्यांची असेल कोण जाणे, पण कटोऱ्यातल्या नाण्यापेक्षा ती मोठी होती, असे मला वाटत आले आहे.

हे सारे लिहिताना आपले गाव म्हणजे जणू पुण्यवानांची वस्ती, असे चित्र तुझ्यासमोर उभे राहू नये. ज्या डाकपालांनी मला पोस्टकार्ड कसे वाचावे ते शिकवले, तेच नाल्यापलीकडच्या वस्तीत गेले की पत्र माणसाच्या हातात देत नसत, ओट्यावर टाकीत आणि लांबून नाव पुकारीत. अलीकडच्या आळीत इस्तो, विरजण, टोपली सगळे फिरत होते, आणि नाल्यापलीकडून एक वाटीही अलीकडे येत नव्हती. पलीकडे देणे होते. जुनी लुगडी, शिळी भाकर, सणाचे उरलेले. मागणे नव्हते. मी पत्र हातात देऊ लागलो, त्याचा मला त्या वयात अभिमान वाटे, पण तिथे पाणी प्यायला मला तीन उन्हाळे लागले हे तुला खरे सांगतो. चौथ्या वर्षी, मे महिन्याच्या दुपारी, एका घरी मनिऑर्डर देऊन उठताना मी पाणी मागितले. त्या घरची म्हातारी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटले, आपण काही वावगे बोललो. मग आतून भांडे घासल्याचा आवाज आला. राखेने घासून लख्ख केलेला पितळी तांब्या घेऊन ती आली, आणि मी पाणी पिईपर्यंत दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. नंतरची कित्येक वर्षे मी वस्तीच्या तोंडाशी दिसलो की ती तांब्या भरून ठेवायची, तहान असो वा नसो.

तुला हे सगळे नव्याने शिकवायची गरज नाही, हे मला एका जुन्या संध्याकाळवरून माहीत आहे. तू नऊ वर्षांची असशील. भुलाबाईची गाणी म्हणत तुम्ही पोरी घरोघरी फिरत होता आणि मी दिवाबत्तीच्या वेळी कंदील घेऊन तुमच्या मागे होतो, कारण वीज गेलेली होती. प्रत्येक घरी गाणी झाली की झाकलेला डबा हलवून खिरापत ओळखायची. जी लवकर ओळखली जाईल तिची किंमत कमी आणि जी ओळखू येत नाही तिच्या मालकिणीचा थाट मोठा, असा त्या खेळाचा न्याय. कोणाकडे शंकरपाळे, कोणाकडे खोबऱ्याची वडी, एकीने तर कणसाचे दाणे तळून आणले होते. शेवटी तुम्ही आळीच्या टोकाच्या घरी गेलात. त्या घरच्या बाईने ॲल्युमिनियमचा डबा हलवला आणि त्यातून फुटाण्यांचा असा खडखडाट झाला, की मला रस्त्यावर उभ्याउभ्या कळले. तुमच्यातली सर्वांत लहान पोरगी ‘फु’ म्हणायला तोंड उघडत होती. तू तिचा परकर ओढलास आणि म्हणालीस, ‘काजू.’ मग दुसरी म्हणाली, ‘बदाम.’ तिसरीने बर्फी म्हटले, कोणी अनारसे म्हटले, एकीने जिलबीसुद्धा म्हटले. डबा पुन्हा हलला, पुन्हा तोच खडखडाट, आणि तुम्ही कपाळाला हात लावून विचार करीत होता. शेवटी ती बाई हसत हसत ओरडली, ‘हरल्या! हरल्या व माय साऱ्या!’ आणि तिने डबा उघडला. त्या आळीत त्या वर्षी न ओळखलेली ती एकच खिरापत होती. तुम्हांला कोणी तसे करायला सांगितले नव्हते, आणि वाटेत तुम्ही त्याविषयी एक अक्षर बोलला नाहीत. मी घरी येऊन तुझ्या आईला सांगितले, तर ती म्हणाली, ‘मंग? तिले काय फुटाणे म्हणावं?’

म्हणून आता काय करावे, असे विचारशील, तर माझे मत सांगतो, पटले तर घे. ग्रुपवर तो फोटो अजून असेल तर ज्याने टाकला त्याला सांगून काढायला लाव. त्याने झालेले पुसले जाणार नाही, परंतु नवे लोक तो पाहणार नाहीत. त्या पहारेकऱ्यांची माफी मागायला जाऊ नकोस, कारण माफी मागितलीस तर त्यांनाच तुझी समजूत घालावी लागेल, आणि ते आणखी एक ओझे होईल. मुलीच्या फीविषयी पुन्हा बोलू नकोस, चांगल्या मनानेही नाही. तू मागे म्हणाली होतीस की ते मूळचे शेतकरी आहेत आणि घरी ज्वारी पिकते. तुला तिकडच्या दुकानातले ज्वारीचे पीठ चिकट लागते आणि भाकर थापताना तुटते, ही तुझी तक्रार दोन वर्षांपासून मी ऐकतो आहे. ज्याने जन्मभर ज्वारी पिकवली त्या माणसाला चांगली ज्वारी कोणत्या दुकानात मिळते आणि कुठल्या गिरणीत दळावी, हे विचार. मागच्या फाटकाने जायला तुला पाच मिनिटे जास्त लागतील, तेवढी लागू देत. विचारताना तुझी अडचण खरी असली पाहिजे, एवढे मात्र सांभाळ. लटके मागणे माणसाला लगेच कळते. एखाद्या दिवशी ते ‘माझ्याकडून दोन किलो घेऊन जा’ असे म्हणतील. तेव्हा पैसे काढायची घाई करू नकोस. घे, आणि भाकरी चांगली झाली की नाही ते दुसऱ्या दिवशी सांग. बिघडली तरी सांग.

सोबत आईने डबा पाठवला आहे. त्यात जवसाची चटणी आणि डिंकाचे लाडू आहेत, थोडे जास्तच आहेत, तुझ्या एकटीने संपणार नाहीत. कोणाला द्यायचे ते तू ठरव. कापसाचा दुसरा वेचा अर्धा झाला आहे, तूर फुलावर आहे, आणि धुके पडले नाही तर बरी येईल. तुझी आई गुडघ्याची तक्रार करते आणि दवाखान्यात येत नाही. तू फोनवर जरा रागाव, माझे ती ऐकत नाही.

तुझा
बाबा

ता. क. पत्र बंद करीत होतो तेवढ्यात पूर्वेच्या धुऱ्यावरचे काका फवारणीचा पंप मागायला आले. त्यांच्याकडे स्वतःचा आहे, गेल्याच वर्षी घेतलेला. मी काही विचारले नाही. पंप दिला, आणि नळीचा नोजल जरा गळतो तेवढे सांगितले.